मेंग तियान : हाताशी तीन लाखांची फौज असताना विष घेणारा सेनापती

घाटवाट (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

रस्त्यांच्या कामात माझी तेहतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी तरी डोंगरात. त्यामुळे मेंग तियान या चिनी सेनापतीकडे मी वळलो तो भिंतीमुळे नव्हे, रस्त्यामुळे. इ.स.पू. २१२ मध्ये चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याने त्याला हुकूम दिला की राजधानीच्या उत्तरेच्या युनयांगपासून सरहद्दीवरच्या जिउयुआनपर्यंत सरळ रस्ता काढायचा. जिउयुआन म्हणजे आज आतल्या मंगोलियात बाओथोउ शहर आहे तो भाग. अंतर १८०० ली, आपल्या मापात सातशे किलोमीटरच्या वर. जुन्या ग्रंथात या कामाचं वर्णन मोजक्या शब्दांत आहे : डोंगर कापले, दऱ्या भरल्या. ज्याने कधी घाटात कटाई आणि भराव यांचा हिशेब जुळवला आहे, त्याला एवढ्यावरून सगळं दिसतं.

आता माणसाबद्दल. मेंग घराणं मूळचं छी राज्यातलं. आजोबा मेंग आओ छिन राज्यात आले (पुढे याच राज्याने बाकीची सहा राज्यं बुडवून चीन एक केला) आणि सेनापती झाले. झाओ राज्याची ३७ शहरं त्यांनी एका मोहिमेत घेतली. वडील मेंग वू यांनी वांग जियान या बुजुर्ग सेनापतीसोबत छू राज्य बुडवलं. मेंग तियानची सुरुवात मात्र कायद्याच्या दप्तरात झाली. खटल्यांची कागदपत्रं सांभाळण्याचं काम. तलवार हातात आली ती घराण्यामुळे. इ.स.पू. २२१ मध्ये छी राज्यावरच्या शेवटच्या मोहिमेत तो सेनापती होता. म्हणजे आजोबांचं मूळ गाव ज्या राज्यात, ते राज्य नातवाने छिनसाठी जिंकलं.

इ.स.पू. २१५ मध्ये तीन लाख फौज घेऊन तो उत्तरेला गेला, पिवळ्या नदीच्या मोठ्या वळणातून शिओंग्नू टोळ्यांना हुसकावून लावलं आणि तिथेच राहिला. जुन्या राज्यांच्या तुटक भिंती जोडून, नव्या बांधून, पश्चिमेला लिनथाओपासून पूर्वेला लियाओडोंगपर्यंत तटाची रांग उभी केली. फोटोत आपण जी विटांची भिंत बघतो ती मिंग काळातली, दीड हजारांहून जास्त वर्षांनंतरची. मेंग तियानची भिंत मातीची होती, आणि जिथे दगड हाताशी होता तिथे रचलेल्या दगडांची. फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात मातीचा पातळ थर टाकायचा, धुम्मसाने ठोकून ठोकून दगडासारखा करायचा, मग पुढचा थर. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या पाहिल्या असतील तर अंदाज येईल.

सम्राटाचा मोठा मुलगा फूसू त्याच्याकडेच होता. राजधानीतल्या विद्वानांना दिलेल्या शिक्षेबद्दल तो बापाला बोलला, म्हणून त्याला सरहद्दीवर फौजेवर देखरेख करायला धाडलेलं.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हा धागा काढला. इ.स.पू. २१० च्या उन्हाळ्यात सम्राट दौऱ्यावर असताना शाछिउ इथे वारला. मरण्याआधी त्याने फूसूला पत्र लिहवलं होतं की अंत्यविधीसाठी राजधानीत ये. पत्रावर मोहोर झाली होती, पण ते निघालंच नाही. ज्याच्या ताब्यात ते होतं त्या झाओ गाओ नावाच्या अधिकाऱ्याने धाकटा राजपुत्र हूहाय आणि मुख्यमंत्री ली सी यांना हाताशी धरलं आणि हूहायला गादीवर बसवायला दुसरंच पत्र तयार केलं. त्यात लिहिलं होतं : फूसू, तू पुत्रधर्माला चुकलास, ही तलवार घे आणि स्वतःला संपव. मेंग तियान, तू स्वामिनिष्ठ राहिला नाहीस, तूही मर; फौज उपसेनापती वांग ली याच्या हवाली कर.

पत्र वाचून फूसू रडला आणि आतल्या खोलीत जीव द्यायला निघाला. मेंग तियानने त्याला अडवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : महाराज बाहेर आहेत, युवराज नेमलेला नाही, मला तीन लाखांची फौज देऊन सरहद्द सोपवली आहे आणि तुम्हाला माझ्यावर देखरेखीला ठेवलं आहे. ही काय लहानसहान जबाबदारी आहे? आज एक दूत येतो आणि तुम्ही लगेच मरता? हा कपटाचा डाव नसेल कशावरून? पुन्हा विचारा. पुन्हा विचारून मग मेलात तरी उशीर होणार नाही.

फूसू म्हणाला, बापाने मुलाला मर म्हटल्यावर पुन्हा काय विचारायचं? आणि त्याने स्वतःला संपवलं.

मेंग तियानने मरायला नकार दिला. दूताने त्याला यांगझोउच्या तुरुंगात टाकलं, आणि तो गेला. तीन लाखांच्या फौजेचा सेनापती पहारेकऱ्यांबरोबर चालत गेला. मला हे वर्षानुवर्षं सुटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

सोनचाफा

घाटवाटकाका, फार मनापासून लिहिलंत. मला फूसूचंच वाईट वाटलं. पण एक शंका आहे. मेंग तियानला संशय आला होता, फौज त्याची होती, मग राजधानीवर चालून जाणं सोडा, निदान तिथेच ठाण मांडून तो बसू शकला असता ना? जाऊन खरं काय ते बघून या, एवढं तरी?

---

घाटवाट

सोनचाफा, अगदी नेमका प्रश्न. याचं अर्धं उत्तर एका लहानशा वस्तूत आहे. शीआनजवळ छिन काळातला कांस्याचा वाघ सापडला आहे, मुठीत मावेल एवढा, आणि तोही अर्धाच, उभा चिरलेला. अंगावर सोन्याने भरलेली चाळीस अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ असा : उजवा भाग राजाकडे, डावा ‘डू’ नावाच्या परगण्याकडे. पन्नासच्या वर शिपाई हलवायचे असतील तर राजाकडचा अर्धा भाग येऊन जुळला पाहिजे. शत्रू आला म्हणून इशाऱ्याचा जाळ पेटला तर मात्र थांबायचं नाही, निघायचं.

पन्नास! तीन लाखांचं सोडाच. ज्या व्यवस्थेत हा माणूस वाढला तिथे जोडीचा अर्धा वाघ नसताना फौज हलवणं म्हणजेच बंड. आणि त्याने आयुष्य सुरू केलं होतं कायद्याच्या दप्तरात, हे विसरू नका.

पण उरलेलं अर्धं उत्तर वाघात नाही, त्याच्याच तोंडी आहे. शेवटी दूत आला तेव्हा तो म्हणाला, आमच्या घराण्याने तीन पिढ्या छिनची सेवा केली. तीन लाखांवर माझी हुकमत आहे. मी कैदेत असलो तरी बंड करण्याइतकं बळ माझ्याकडे आहे. तरी मरणार हे माहीत असून मी निष्ठा सोडत नाही, कारण पूर्वजांच्या शिकवणीला मला बट्टा लावायचा नाही आणि आधीच्या महाराजांना विसरायचं नाही.

जमलं नाही म्हणून तो थांबला नव्हता. जमत होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

---

पानगळ

सुंदर धागा. दोन-तीन गोष्टी जोडतो.

एक, तीन लाख या आकड्याबद्दल. ही सगळी कथा आपल्यापर्यंत सीमा छियान या छिननंतरच्या हान काळातल्या इतिहासकारामुळे पोचली. त्याच्याच ग्रंथात शिओंग्नूंवरच्या प्रकरणात मेंग तियानची फौज एक लाख आहे, इतर ठिकाणी तीन लाख. त्यामुळे आकड्यावर फार भार टाकू नये असं माझं मत. मोठी फौज होती, एवढं निश्चित.

दोन, झाओ गाओचा दावा मेंग तियानशी नव्हता, त्याच्या भावाशी होता. धाकटा भाऊ मेंग यी सम्राटाच्या रथात सोबत बसणारा मंत्री. झाओ गाओने पूर्वी मोठा गुन्हा केला, खटला मेंग यीकडे आला, आणि त्याने कायद्याप्रमाणे देहदंड सुनावला. सम्राटाने झाओ गाओला माफ करून पुन्हा नोकरीवर घेतलं. पुढे सम्राट आजारी पडला तेव्हा त्याने मेंग यीलाच डोंगर-नद्यांना नवस बोलायला पाठवलं. तो परतायच्या आत सम्राट गेला. तो सम्राटाजवळ असता तर पत्र बदलणं इतकं सोपं गेलं नसतं, असं मला नेहमी वाटतं. नंतर हूहाय मेंग तियानला सोडायला निघाला होता. झाओ गाओने मोडता घातला. राजघराण्यातल्या झीयिंगने समजावलं की निष्ठावंतांना मारून राज्यं बुडतात, तेही ऐकलं नाही. आधी मेंग यीला मारलं, मग थोरल्याकडे दूत धाडला.

तीन, वर आलेलं यांगझोउ हे आजच्या शाआन्शी प्रांताच्या (ज्यात शीआन आहे त्या) उत्तरेतलं. दक्षिणेकडच्या प्रसिद्ध यांगझोउ शहराशी त्याचा संबंध नाही.

---

तांबडी माती

घाटवाटदादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी इथे दुसऱ्या बाजूने बोलणार आहे.

निष्ठा निष्ठा म्हणतो आपण, ती कोणाशी? भिंतीवर माती वाहणारी माणसं कोण होती? शिपाई, शिक्षा झालेले कैदी, घरातून उचलून आणलेले शेतकरी. सहा राज्यं बुडवणारी लढाई संपून दहा वर्षंही झाली नव्हती. घराघरांत तरणी पोरं गेलेली. त्यांच्या जखमा भरायच्या आत हा तट आणि हा रस्ता.

आणि हे माझं एकटीचं म्हणणं नाही. सीमा छियान स्वतः त्या सरहद्दीवर जाऊन आला होता आणि मेंग तियानच्याच सरळ रस्त्याने परतला होता. त्याने तट पाहिले, ठाणी पाहिली, कापलेले डोंगर पाहिले, आणि लिहिलं की लोकांच्या श्रमाला या माणसाने किंमत दिली नाही. नामांकित सेनापती असून त्याने सम्राटाला ठासून सांगितलं नाही की आता लोकांना उसंत द्या, म्हाताऱ्यांना आणि पोरक्यांना सांभाळा. उलट वरच्याच्या मर्जीप्रमाणे कामं उभी केली. मग भावाभावांना मरण आलं, तर त्यात नवल काय?

मेंग तियानचे अखेरचे शब्दही तुम्ही लिहिले नाहीत. ते यायला हवेत.

---

घाटवाट

तांबडी माती, बरोबर आहे तुमचं. ते शब्द मी मुद्दाम मागे ठेवले होते, कारण त्यांच्यावर मला स्वतंत्र बोलायचं होतं.

दूताला त्याने विनंती केली की माझं म्हणणं महाराजांच्या कानावर घाला. दूत म्हणाला, मला शिक्षा अंमलात आणायचा हुकूम आहे, तुमचे शब्द पोचवायची माझी छाती नाही. तेव्हा मेंग तियानने मोठा सुस्कारा सोडला. मी देवाचा असा काय अपराध केला, की काही चूक नसताना मरतोय? मग बराच वेळ गप्प राहिला. मग सावकाश म्हणाला : माझा अपराध आहेच, मला मरण योग्यच आहे. लिनथाओपासून लियाओडोंगपर्यंत दहा हजार ली तट आणि खंदक केले, त्यात धरणीच्या शिरा तुटल्या नसतील असं कसं होईल? हाच माझा अपराध. आणि विष घेतलं.

सीमा छियानचं उत्तर तुम्ही दिलंतच; त्याचं शेवटचं वाक्य : धरणीच्या शिरांना कशाला दोष देतोस?

---

पानगळ

इथे एक जुळणारी गोष्ट सांगतो. छिनचाच आणखी एक सेनापती बाय छी. इ.स.पू. २६० मध्ये चांगफिंगच्या लढाईत शरण आलेले झाओचे लाखो सैनिक त्याने फसवून जिवंत पुरले असं सांगतात. तीन वर्षांनी राजाची मर्जी गेली आणि त्यालाही तलवार धाडली गेली. त्याचे अखेरचे शब्द त्याच ग्रंथात असे : मी देवाचा काय अपराध केला की हे वाट्याला यावं? मग बराच वेळ गप्प. मग : मला मरण योग्यच आहे, चांगफिंगला शरण आलेल्यांना मी फसवून पुरलं, एवढं पुरेसं आहे.

आधी देवाला प्रश्न, मग शांतता, मग कबुली. दोन्हीकडे साचा हुबेहूब तोच. त्यामुळे हे शब्द जसेच्या तसे त्यांच्या तोंडचे असतील असं मी मानत नाही. लिहिणाऱ्याचा हात त्यात दिसतो. पण फरक पाहा. बाय छीला मेलेली माणसं आठवली. मेंग तियानला जमीन आठवली. हा फरक लिहिणाऱ्याने जाणूनबुजून ठेवला असावा.

---

सोनचाफा

पानगळ, "मेंग तियानला जमीन आठवली" हे वाचून अंगावर काटा आला. तांबडीमातीताई, तुमचा मुद्दा आता जास्त पटतोय.

काका, तुम्ही काय म्हणता? तुम्ही तर त्याच्या बाजूचे.

---

घाटवाट

दोन दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. आता लिहितो.

खूप वर्षांपूर्वी एका घाटात रुंदीकरणाचं काम माझ्याकडे होतं. जून लागला होता. वरचा उतार सैल होता, मुरमात पाणी शिरायला लागलेलं दिसत होतं. मी वरिष्ठांना लेखी कळवलं : पावसाळ्यात कटाई थांबवावी. उत्तर आलं की तारीख पुढे जाणार नाही. मी ते पत्र फाइलला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं. एकदा सांगून झालं होतं ना.

आठव्या दिवशी दरड आली. मोठी नव्हती. एका मजुराचा पाय दबला, गुडघ्याखाली गेला. त्याची बायको त्याच कामावर घमेली उचलत होती. तिने मला विचारलं, साहेब, तुम्हाला ठाऊक होतं ना? मुकादमाने तिला सांगितलं होतं की साहेबांनी पत्र लिहिलंय. चौकशीत माझ्यावर काही आलं नाही. माझा कागद स्वच्छ होता.

मेंग तियान मी पुढे वाचला. वाचताना एका वाक्यावर थांबलो, तेच वर लिहिलंय : पुन्हा विचारा. स्वतःच्या आणि राजपुत्राच्या मरणाचा हुकूम आला तेव्हा तो म्हणाला, पुन्हा विचारा. शहाणा माणूस, कायदा जाणणारा, हुकूमसुद्धा तपासून घ्यावा लागतो हे ओळखणारा. पण भिंतीचा हुकूम आला तेव्हा, रस्त्याचा हुकूम आला तेव्हा, त्याने पुन्हा विचारलं असं कुठेही लिहिलेलं नाही. सीमा छियानचा राग हाच आहे असं मला वाटतं. भिंत बांधली म्हणून तो चिडला नाही. विचारता येत होतं, विचारायची ताकद होती, सम्राटाचा विश्वास होता, आणि तिथे विचारलं नाही म्हणून चिडला.

आणि सीमा छियानला असं लिहायचा अधिकार होता. त्याने स्वतः शरण गेलेल्या एका सेनापतीची बाजू सम्राटापुढे घेतली, आणि त्यापायी पुरुषत्व कापण्याची शिक्षा भोगून हा ग्रंथ पुरा केला. वरच्याला बोलण्याची किंमत काय असते हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तरी सोनचाफा, मी मेंग तियानच्या बाजूचाच आहे. तो तुरुंगात चालत गेला त्याबद्दल माझ्या मनातला आदर कमी होत नाही. त्याने फौज उठवली असती तर त्याच शेतकऱ्यांची पोरं एकमेकांना मारून मेली असती. हेही खरं आणि तेही खरं.

---

तांबडी माती

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. मी वर जरा कडक बोलले, पण त्या बाईचा प्रश्न वाचून मला पुढे वाद घालावासा वाटत नाही. तो मजूर पुढे काय करतो, काही कळलं का?

---

घाटवाट

त्याच्या गावी मी दोनदा जाऊन आलो. किराणा दुकान टाकलं होतं त्याने. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मुलगी दहावीला होती. याहून जास्त इथे लिहीत नाही, त्याचं आयुष्य त्याचं आहे.

---

चांदणवेल

धागा मूकपणे वाचत होते. मी गेली काही वर्षं चिनी सुलेखन शिकते आहे, त्यामुळे मेंग तियान हे नाव मला वेगळ्याच कारणाने माहीत होतं. आमच्याकडे तो कुंचल्याचा जनक! चीनमध्ये हूझोउजवळच्या शानल्येन गावात कुंचले करणारे कारागीर त्याची पूजा करतात. सरहद्दीवरून अहवाल लवकर लिहून धाडता यावेत म्हणून त्याने केसांचा कुंचला काढला, अशी दंतकथा. प्रत्यक्षात त्याच्या आधीच्या काळातले कुंचले छांगशाजवळ छू राज्यातल्या कबरीत सापडले आहेत, म्हणजे शोध त्याचा नव्हे.

पण वर तुम्ही लिहिलंत की त्याने कायद्याच्या दप्तरात लेखनिकी केली होती. तेव्हा वाटलं, लोकांनी त्याच्या हातात तलवारीऐवजी कुंचला का दिला असावा ते थोडं कळलं. कुंचला करताना केस निवडायचं काम पाण्यात हात घालून तासन् तास चालतं, एकेक वाकडा केस काढून टाकायचा. ते करणाऱ्या बायकांच्या गावात या सेनापतीची पूजा होते, हे मला फार आवडतं.

---

सोनचाफा

चांदणवेल, हे किती छान! काका, शेवटचा प्रश्न. सम्राटाचं प्रेत तर शाछिउला होतं. मृत्यू लपवून ते राजधानीपर्यंत आणलं कसं? आणि सरहद्दीचं पुढे काय झालं?

---

घाटवाट

प्रेत बंद रथात ठेवलं. रोजचं जेवण आत जात होतं, अधिकारी बाहेरून अर्ज सादर करत होते, आतला सेवक उत्तर देत होता. उन्हाळा होता, वास सुटला. म्हणून सोबतच्या गाड्यांवर खारवलेल्या मासळीचं भारंभार ओझं चढवायला सांगितलं, म्हणजे कशाचा वास ते कळू नये. आणि ते सरळ राजधानीत गेले नाहीत. उत्तरेला जिउयुआनपर्यंत वळसा घालून तिथून सरळ रस्त्याने खाली राजधानी शिएनयांगला आले.

म्हणजे मेंग तियानच्या रस्त्याने. तो रस्ता तेव्हा पुरा झालेलाही नव्हता. त्याच्या मृत्यूचा हुकूम तयार करणारे लोक ज्या भरावावरून आले तो त्याने घातलेला, आणि तेव्हा तो त्याच मुलखात तुरुंगात बसून उत्तराची वाट पाहत होता. ज्यांना विसरायचं नाही असं तो पुढे म्हणाला ते महाराज मासळीच्या गाड्यांबरोबर त्याच्याच रस्त्याने गेले.

पुढचं भराभर झालं. ली सीला इ.स.पू. २०८ मध्ये झाओ गाओने मारवलं. झाओ गाओला पुढच्या वर्षी झीयिंगने. फौज घेतलेला वांग ली बंडखोरांशी लढायला दक्षिणेला गेला आणि जूलूला शिआंग यूच्या हाती सापडला. हा शिआंग यू छूच्या त्याच घराण्यातला, ज्याचा सेनापती शिआंग यान याला मेंग तियानच्या वडिलांनी आणि वांग लीच्या आजोबांनी मिळून संपवलं होतं. सरहद्दीवर बसवलेले कैदी आणि वसाहतवाले ठाणी सोडून घरी निघून गेले. शिओंग्नू नदी ओलांडून पुन्हा आले.

मग इ.स.पू. १२७ मध्ये हान सम्राट वूचा सेनापती वेइ छिंग याने तो मुलूख परत घेतला. ग्रंथात नोंद आहे की नदीकाठी मेंग तियानने बांधलेली जुनी ठाणी त्यांनी दुरुस्त करून घेतली आणि नदीच्या आधाराने सरहद्द पक्की केली.